थकल्याची तारीख

दिवाळखोरीच्या प्रकरणाची फाइल वकिलाच्या टेबलावर येते तेव्हा ती साधारण एकसारखीच दिसते. वर बिलांचा गठ्ठा, त्याखाली पर्चेस ऑर्डर, लॉरी रिसीट, ई-वे बिलं, खातेउतारा, आणि मधेच कुठेतरी ईमेलच्या छापील प्रती. अशील बोलतो ते रकमेबद्दल: किती अडकले, कोणी कधी शब्द दिला, आता कोण फोन उचलत नाही. वकील ऐकत असतो, पण त्याचं बोट कागदांवरून फिरतं ते एका तारखेच्या शोधात. पैसे ज्या दिवशी यायला हवे होते आणि आले नाहीत, तो दिवस कोणता?

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला एनसीएलटी म्हणतात तिथे, पुरवठादाराचा अर्ज फॉर्म ५ मध्ये जातो. त्याच्या चौथ्या भागात दोनच रकाने आहेत. पहिल्यात एकूण येणं किती, ते कोणत्या व्यवहारातून आलं आणि केव्हा देय झालं. दुसऱ्यात थकलेली रक्कम आणि ती थकल्याची तारीख, सोबत आकडेमोडीचा तक्ता. बँकेचा अर्ज फॉर्म १ मध्ये असतो, त्याचाही चौथा भाग याच धाटणीचा. शेकडो पानांच्या अर्जात या रकान्यांना जेमतेम अर्धं पान मिळतं, आणि प्रकरण टिकतं की पडतं हे बहुतेक वेळा त्या अर्ध्या पानावर ठरतं. व्यापारी आणि नादारीच्या वादांत काम करणाऱ्या वकिलाची पूर्वतयारी, लॉ कॉलेजपासून सिनिअरच्या चेंबरमधल्या वर्षांपर्यंत, शेवटी यासाठीच कामी येते: ही तारीख अचूक लिहिता यावी, आणि समोरच्यानं चुकीची लिहिली असेल तर ती ओळखता यावी.

नादारी हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे पूर्वी शाळेत फी माफ होणाऱ्या मुलाला ‘नादारी मिळाली’ म्हणत. नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो, एवढाच त्याचा अर्थ. दिवाळखोर म्हटलं की मात्र उधळपट्टी आणि लबाडी चिकटून येते. २०१६ च्या कायद्याला मराठीत ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात, आणि कंपन्यांच्या बाबतीत त्यातला पहिला शब्द जास्त खरा आहे. कंपनी नादार होते तेव्हा प्रत्येक वेळी कोणी पैसे पळवलेले नसतात. कधी मोठं गिऱ्हाईक बुडालेलं असतं, कधी प्रकल्प रखडलेला असतो. ज्या वकिलाला हा फरक दिसत नाही तो प्रत्येक अर्जात फसवणुकीचे आरोप भरतो, आणि मग न्यायाधिकरणासमोर साधी थकबाकी सिद्ध करायचं त्याचं सोपं काम अवघड होऊन बसतं.

या क्षेत्रातली आजची ज्येष्ठ मंडळी वेगवेगळ्या वाटांनी इथे आली. १ डिसेंबर २०१६ ला कंपन्यांच्या नादारीची कलमं लागू झाली, त्याआधी हे काम चार ठिकाणी विखुरलेलं होतं. उच्च न्यायालयात १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४३३ आणि ४३४ खाली कंपनी गुंडाळण्याचे अर्ज चालत. पाचशे रुपयांवरचं देणं, तीन आठवड्यांची नोटीस, आणि कंपनीनं पैसे दिले नाहीत की ती देणी भागवू शकत नाही असं मानायचं, ही त्याची चौकट. त्या कंपनी कोर्टात वकील एक गोष्ट पक्की शिकला: देण्याबद्दल प्रामाणिक वाद असेल तर कंपनी गुंडाळण्याची धमकी वसुलीसाठी वापरता येत नाही. दुसरी वाट १९९३ च्या कायद्यानं आलेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाची, म्हणजे डीआरटीची. तिथे गहाणखत, हमीपत्र, हायपोथिकेशनचा, म्हणजे ताबा न देता माल तारण ठेवण्याचा, करार आणि बँकेचा खातेउतारा वाचायची सवय लागली. २००२ च्या सरफेसी कायद्यानं तारण ताब्यात घेण्याची प्रक्रिया शिकवली. आणि १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्यानं, त्याखालच्या बीआयएफआर या मंडळाच्या काळानं, शिकवला तो वेळेचा धडा. कलम २२ चं संरक्षण मिळालं की वसुली थांबायची, आणि वर्षानुवर्षं थांबून राहायची. यंत्रं गंजायची, कामगार पांगायचे, आणि शेवटी वाटायला उरायची ती जमीन. नव्या कायद्यात दिवस मोजण्याचा एवढा अट्टहास का आहे, हे ज्यानं तो काळ पाहिला त्याला समजावून सांगावं लागत नाही.

मात्र या चारांहून जास्त उपयोगी पडते ती साध्या दिवाणी दाव्याची तालीम. हे पटकन पटत नाही, कारण एनसीएलटीत साक्षीदार उभा राहत नाही, उलटतपासणी होत नाही. सगळं कागदावर, प्रतिज्ञापत्रांवर चालतं. नेमकं म्हणूनच ती तालीम लागते. ज्यानं दाव्यात साक्षीदार तपासले आहेत त्याला कुठला कागद उलटतपासणीत टिकेल आणि कुठला फाटेल हे कळतं. न होणारी उलटतपासणी तो अर्ज लिहितानाच मनातल्या मनात करून घेतो. ही तालीम नसलेला वकील महत्त्वाचा कागद पुढच्या तारखेसाठी राखून ठेवतो, कारण दाव्यात पुढे संधी मिळते अशी त्याची ऐकीव समजूत असते. इथे तशी पुढची संधी गृहीत धरता येत नाही. अर्जासोबत जे जोडलं ते तुमचं.

व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्यानं दिवाणी दाव्यालाही अशीच शिस्त लावली. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, फार तर १२० दिवसांपर्यंत मुभा, आणि त्यानंतर प्रतिवादीचा लेखी बचावाचा हक्कच संपतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ही मुदत बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. २०१८ च्या दुरुस्तीनं या दाव्यांची किमान रक्कम १ कोटीवरून ३ लाखांवर आली, आणि तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी करून पाहणं कलम १२अ नं सक्तीचं झालं. नादारी संहितेतही एक कलम १२अ आहे आणि त्याचा विषय अगदी वेगळा, तो पुढे येईल. नवख्याच्या टिपणात या दोन कलमांची सरमिसळ झाली की सिनिअरला लगेच कळतं.

एक फाइल जवळून बघू. समजा, पॅकिंगचं सामान पुरवणाऱ्या एका लहान कारखान्याची नऊ बिलं अडकली आहेत. मुद्दल ९२ लाख, व्याज २६ लाख, एकूण १ कोटी १८ लाख. एनसीएलटीच्या दारात जायला किमान १ कोटीची थकबाकी लागते. सुरुवातीला ही मर्यादा १ लाख होती, २४ मार्च २०२० रोजी ती १ कोटी झाली. आकडा मर्यादेच्या वर आहे, अशील खूश आहे. वकील बिलं तारखेनं लावतो. दोन बिलं, मिळून ११ लाखांची, देय होऊन तीन वर्षांहून जास्त काळ लोटलेला. मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७ इथे लागू होतो, थकल्यापासून तीन वर्षं. ती दोन बिलं आणि त्यांवरचं सहाएक लाखांचं व्याज काढलं की उरतात १ कोटी १ लाख. त्यात २० लाख व्याज आहे. हे व्याज आलं कुठून? बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय, ‘४५ दिवसांनंतर १८ टक्के’. पर्चेस ऑर्डरमध्ये मात्र व्याजाचा उल्लेखच नाही, आणि बिलावर समोरच्याची सही नाही, फक्त गोदामाचा शिक्का आहे. व्याज ठरलेलं होतं हे दाखवता आलं नाही तर उरतात ८१ लाख, आणि एनसीएलटीचं दार बंद. शिवाय गिऱ्हाइकानं दोन लाखांची एक डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा धरल्याची चिठ्ठी, पाठवलेली असते, ती अशिलानं फाइलमध्ये लावलेलीच नसते, कारण ‘ती आम्ही मान्यच केली नव्हती’.

याच टप्प्यावर खातेउताऱ्याची दुसरी बाजू तपासायची. मधल्या काळात गिऱ्हाइकानं खात्यावर चार वेळा काही रकमा भरल्या. त्या कोणत्या बिलापोटी जमा केल्या? करार कायद्याच्या कलम ६० नुसार देणेकऱ्यानं काही सांगितलं नसेल तर येणेकरी ती रक्कम आपल्या मर्जीनं कोणत्याही देण्यापोटी, अगदी मुदतबाह्य देण्यापोटीही, जमा करू शकतो. कारखान्याच्या अकाउंटंटनं जुन्यातलं जुनं बिल आधी मिटवायच्या पद्धतीनं नोंदी केल्या असतील तर ती दोन जुनी बिलं कधीच मिटली असतील, आणि खरी थकबाकी नव्या बिलांची, मुदतीतली असेल. म्हणजे अशिलानं तोंडानं सांगितलेली यादी चुकीची आणि त्याच्याच वहीतली बरोबर. पण वहीत वेगळ्या नोंदी असताना अर्जासाठी नवा तक्ता बनवायचा मोह झाला की तो लगेच उघडा पडतो, कारण समोरचा तोच खातेउतारा आपल्या उत्तराला जोडतो. अंशतः भरण्यामुळे मुदत नव्यानं सुरू झाली असं म्हणायचं तर मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते भरणं मुदत संपण्याआधीचं हवं आणि त्याची भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची लेखी खूणही हवी. ‘आमचं चालू खातं आहे’ एवढ्यानं भागत नाही. परस्पर येणी-देणी असलेलं खातं आणि एकतर्फी उधारीचं खातं यांत कायदा फरक करतो, आणि व्यापाऱ्यांची बहुतेक खाती दुसऱ्या प्रकारची असतात.

बँकेच्या प्रकरणात तारखेचा घोळ वेगळा होतो. हप्ता चुकला तो एक दिवस, त्यानंतर ९० दिवसांनी खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरलं तो दुसरा, आणि संपूर्ण कर्ज परत मागणारी नोटीस गेली तो तिसरा. अर्ज भरणारा अधिकारी अनेकदा तिसरी तारीख लिहितो, कारण तिचं पत्र हाताशी असतं. न्यायालयं मात्र मुदत मोजताना वारंवार एनपीएच्या दिवसाकडे गेली आहेत. एनपीए २०११ मधला आणि अर्ज २०१७ चा, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अर्ज मुदतबाह्य ठरवला. मग वकील कबुलीच्या शोधात निघतो. मुदत कायद्याचं कलम १८ सांगतं की मुदत संपण्याआधी लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं असेल तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की कंपनीच्या ताळेबंदातली नोंदही अशी कबुली ठरू शकते. पण तो निकाल ताळेबंदाखालच्या टिपांकडेही बोट दाखवतो. ‘हे देणं कंपनीला मान्य नाही’ अशी एक ओळ संचालकांच्या अहवालात किंवा लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात असेल तर कबुलीचं बळ जातं. त्यामुळे हिशेब न येणारा वकील इथे पांगळा ठरतो. त्याला ताळेबंदाची टीप क्रमांक २३ स्वतः वाचता आली पाहिजे, सीएला फोन न लावता. त्यात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ महामारीमुळे मुदतीतून वगळलेला. आणि २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षात थकलेल्या देण्यासाठी नादारी संहितेच्या कलम १०अ खाली अर्जच करता येत नाही, आज नाही आणि पुढेही नाही. एकच दिवस एका नियमानं तुम्हाला तारतो आणि दुसऱ्या नियमानं बुडवतो, हे याच काळात घडतं.

पुरवठादारानं अर्जाआधी संहितेच्या कलम ८ ची मागणी नोटीस द्यायची असते, फॉर्म ३ मध्ये किंवा बिलाच्या प्रतीसह फॉर्म ४ मध्ये, आणि मिळाल्यापासून दहा दिवस थांबायचं. नोटीस नोंदणीकृत कार्यालयात जायला हवी. कारखान्याच्या पत्त्यावर गेलेली नोटीस तिथल्या सुपरवायझरनं सही करून घेतली तरी पुढे वाद उरतो. ज्या दिवशी नोटीस काढायची त्याच दिवशी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कंपनीची माहिती उतरवून घ्यावी. पत्ते बदलतात, कधी नोटीस येणार याची कुणकुण लागल्यावरच बदलतात. नोटिशीतली रक्कम आणि अर्जातली रक्कम यांत फरक पडला तर तो समजावणारा तक्ता जोडावा. हे सगळं किरकोळ वाटतं, पण दोन हजार रुपये शुल्क भरून केलेला अर्ज सहा महिन्यांनी अशाच किरकोळ कारणानं परत येतो, आणि तोवर आणखी एक बिल मुदतीबाहेर गेलेलं असतं.

त्या दहा दिवसांत समोरून येतं ते बहुधा एकच उत्तर: माल खराब होता. आता प्रश्न असा की हा वाद नोटिशीआधीचा आहे की नोटिशीनंतर सुचलेला? सप्टेंबर २०१७ मध्ये मोबिलॉक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कसोटी घालून दिली. न्यायाधिकरणानं वादाचा निकाल लावायचा नाही. एवढंच पाहायचं की वाद आधीपासून होता का, आणि त्यात तपास करण्याजोगं काही आहे की ते नुसतं दुबळं, निराधार म्हणणं आहे. दावा किंवा लवाद प्रलंबितच असला पाहिजे अशी अट नाही. म्हणून ईमेलची चळत शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागते. दोन वर्षांपूर्वी खरेदी विभागातल्या कोणीतरी लिहिलेली ओळ, ‘या लॉटमधले चारशे खोके ओले निघाले, बदलून द्या’, आणि त्यावर अशिलाच्या माणसाचं ‘बघतो साहेब’, एवढं पुरेसं असतं. अर्ज करण्याआधी हे सापडलं तर वकील वेगळी वाट सुचवू शकतो: व्यापारी न्यायालयात समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, किंवा अशील सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर फॅसिलिटेशन कौन्सिल, जिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्यानंच मिळतं. अर्जानंतर सापडलं तर फक्त माघार उरते. ईमेल आणि व्हॉट्सॲपचे संदेश पुराव्यात द्यायचे तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा संकेतांक, भरायचं असतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब च्या साच्यातलं प्रमाणपत्र नाव बदलून चिकटवणं अजून सर्रास दिसतं.

बँकेच्या कलम ७ च्या अर्जात वादाचा हा अडथळा नाही. तिथे देणं आहे का आणि ते थकलं आहे का, एवढंच बघायचं. हे पहिल्यांदा ठरलं ते महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. पुण्याची इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज आणि आयसीआयसीआय बँक यांचं हे प्रकरण. मुंबईच्या न्यायाधिकरणानं १७ जानेवारी २०१७ रोजी अर्ज दाखल करून घेतला. कंपनीचं म्हणणं होतं की महाराष्ट्राच्या १९५८ च्या उपक्रम साहाय्य कायद्याखाली राज्य सरकारनं तिची देणी स्थगित केली आहेत, म्हणजे थकबाकीच नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संहितेपुढे राज्याचा तो कायदा टिकत नाही. त्याच निकालात आणखी एक व्यवहारातली गोष्ट आहे आणि ती आजही लोक चुकतात. न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतल्यावर कंपनीचा कारभार त्यानं नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाच्या (रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या) हाती जातो, त्यामुळे जुने संचालक कंपनीच्या नावानं अपील करू शकत नाहीत. अपील संचालकानं किंवा भागधारकानं स्वतःच्या नावानं करायचं. मुदत ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसावा दिवस उलटला की अपील न्यायाधिकरणालाही हात नाहीत. आदेशाची मोफत प्रत येईल म्हणून थांबणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सवलत नाकारली. म्हणून चांगल्या चेंबरमध्ये आदेश ऐकला की ज्युनिअर घरी न जाता आधी प्रमाणित प्रतीचा अर्ज करतो.

न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतला की सगळ्यांची स्थिती बदलते आणि हे अशिलाला आधीच सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. कलम १४ ची स्थगिती लागते, कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते, चेकचे खटलेसुद्धा कंपनीपुरते थांबतात, संचालकांपुरते मात्र चालू राहतात. आणि ज्या पुरवठादारानं अर्ज केला तो आता रांगेतला एक होतो. त्याच्या थकबाकीवर त्याचा वेगळा हक्क राहत नाही. निर्णय घेते ती कर्जदात्यांची समिती, ज्यात बहुतेक वेळा बँका असतात आणि पुरवठादाराला मत नसतं. पुनरुज्जीवनाची योजना ६६ टक्के मतांनी मंजूर होते. पुरवठादाराला कायद्यानं मिळायला हवं ते किमान तेवढं, जेवढं कंपनी मोडीत काढल्यावर त्याच्या वाट्याला आलं असतं, आणि कलम ५३ च्या उतरंडीत, म्हणजे पैसे वाटण्याच्या क्रमात, तो इतका खाली आहे की ही किमान रक्कम अनेकदा शून्य निघते. तडजोड करून बाहेर पडायचं तर ते कलम १२अ, समितीच्या ९० टक्के मतांसह. समिती बनण्याआधी तडजोड झाली तरी तिची ठरलेली वाट आहे. बायजूजच्या प्रकरणात क्रिकेट मंडळाचे सुमारे १५८ कोटी देऊन मिटवलेला वाद अपील न्यायाधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केला होता. ती वाट डावलली म्हणून ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मान्यता रद्द केली. वसुलीसाठी दबाव म्हणून अर्ज करू पाहणाऱ्या अशिलाला हे सगळं पहिल्याच बैठकीत सांगणारा वकील कदाचित ते काम गमावतो. तरी सांगावं. नंतर सांगितलं तर विश्वास जातो, आणि या लहान वर्तुळात तो परत मिळत नाही.

वर्तुळ लहान आहे म्हणूनच हितसंबंधांचा प्रश्न इथे रोज येतो. एकाच कंपनीच्या प्रकरणात वकील आज बँकेचा असतो, अर्ज दाखल करून घेतला गेल्यावर त्याला व्यावसायिकाकडून विचारणा येते, वर्षभरानं योजना देणाऱ्याकडून. बार कौन्सिलचा नियम सांगतो की एका पक्षाला ज्या कामात सल्ला दिला त्याच कामात विरुद्ध पक्षाकडून उभं राहता येत नाही. व्यावसायिक वरकरणी कोणाच्याच विरुद्ध नसतो, पण बँकेचा दावा तपासायचा अधिकार त्याचाच, आणि तारणाची नोंद वेळेत झाली होती का हा प्रश्नही त्यानंच विचारायचा असतो. ज्यानं बँकेचा दावा लिहिला त्यानंच तो तपासायला मदत करणं योग्य नाही. फीचंही तसंच. वसूल होईल त्यावर टक्के घेणं आपल्याकडे वकिलाला मना आहे, कितीही अशिलांनी तसं सुचवलं तरी.

या सगळ्या धावपळीत एक छोटी जाहिरात छापून येते. अंतरिम व्यावसायिकाच्या नेमणुकीनंतर तीन दिवसांत, फॉर्म अ मध्ये, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. महाराष्ट्रातल्या कंपनीची असेल तर मराठी पेपरात, निविदा आणि हरवले-सापडलेच्या आसपास. कंपनीचं नाव, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, व्यावसायिकाचा पत्ता, आणि दावे देण्याची शेवटची तारीख, नेमणुकीपासून चौदाव्या दिवसाची. बँकांना ही जाहिरात वाचावी लागत नाही, त्यांचे वकील आधीच कोर्टात असतात. ती खरी त्या माणसांसाठी आहे ज्यांचा वकील नाही. आणि ती चुकली तर काय होतं हे एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालानं स्पष्ट केलं: योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेली जुनी येणी संपली.

त्या माणसांत कामगार येतात. त्यांचा दावा फॉर्म ड मध्ये, एकत्र प्रतिनिधीमार्फत द्यायचा तर फॉर्म इ मध्ये. व्यावसायिकाच्या बाजूनं काम करणाऱ्या वकिलाकडे हे फॉर्म शेकड्यांनी येतात, बरेच हातानं लिहिलेले, रकाने चुकलेले. ते परत पाठवणं सोपं असतं. जाणकार वकील पाठवत नाही, तो कागद मागवून घेतो. नेमणूकपत्र हरवलं असेल तर भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक, पगारपत्रक नसेल तर ज्या खात्यात पगार जमा व्हायचा त्याचा बँक उतारा. निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळी लिहून घेतो, कारण कलम ३६ प्रमाणे हे निधी कंपनी मोडीत निघाली तरी धनकोंच्या वाटणीत येत नाहीत, आणि फॉर्ममध्ये सगळी बेरीज एकाच रकान्यात टाकली की हा फरक हरवतो. पगाराची थकबाकी मोडीच्या उतरंडीत आधीच्या २४ महिन्यांपुरती तारणधारक बँकांच्या बरोबरीनं बसते, त्यामुळे महिनेही एक एक करून मांडावे लागतात.

मग उरतो प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा पगार. २०२२ मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या काळात कंपनी चालू ठेवली गेली असेल आणि कामगारानं प्रत्यक्ष काम केलं असेल, तर तो पगार प्रक्रियेच्या खर्चात धरायचा, म्हणजे सगळ्यांच्या आधी द्यायचा. म्हणून इथेही सगळं एका तारखेवर येतं. आदेशाचा दिवस हजेरीपत्रकावर शोधायचा, त्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेच्या अलीकडचे दिवस फॉर्म ड मध्ये भरून घ्यायचे, आणि पलीकडच्या प्रत्येक हजेरीची व्यावसायिकाकडून सही घेऊन ठेवायची.